कंटेनर विदा केंद्र

कंटेनर विदा केंद्र : मालवाहतुकीच्या प्रमाणभूत पोलादी पेटीत, म्हणजे कंटेनरात, किंवा तशाच मापाच्या कारखान्यात बांधलेल्या कक्षात सर्व्हर, विदा साठविण्याची साधने, नेटवर्कची जोडणी, वीजवाटप व शीतन यांची यंत्रणा आधीच बसवून जे केंद्र तयार करतात, त्यास कंटेनर विदा केंद्र असे म्हणतात. विदा म्हणजे संगणकात साठविलेली किंवा संस्करणासाठी त्याला पुरविलेली माहिती. बँकांची खाती, रेल्वेची आरक्षणे, रुग्णालयांतील नोंदी, सरकारी दप्तरे, छायाचित्रे व पत्रव्यवहार यांचा फार मोठा भाग एकविसाव्या शतकात विदा केंद्रांत साठविला जाऊ लागला. ही केंद्रे सामान्यतः खास बांधलेल्या इमारतींत असतात. इमारत बांधण्याऐवजी केंद्रच कारखान्यात तयार करावे, मालमोटारीने किंवा जहाजाने इष्ट स्थळी न्यावे व वीज, पाणी आणि संदेशवहनाच्या तारा जोडून सुरू करावे, ही कंटेनर विदा केंद्रामागील मूळ कल्पना होय. २००३ ते २०१० या काळात ही कल्पना वेगाने पुढे आली आणि काही काळ तिच्याकडे विदा केंद्रांचे भावी रूप म्हणून पाहिले गेले. नंतरच्या अनुभवाने तिच्या मर्यादाही स्पष्ट झाल्या.

पूर्वपीठिका : या केंद्राच्या वंशावळीत दोन निरनिराळ्या धारा एकत्र आलेल्या दिसतात. पहिली धारा लष्करी फिरत्या संगणकांची आहे. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेने लष्कराच्या संदेशवहन दलासाठी १९५४ मध्ये ‘डायसीॲक’ नावाचा संगणक तयार केला. त्यात सु. ९०० निर्वात नलिका व २४,५०० स्फटिक डायोड होते आणि त्याचे वजन सु. २० टन भरत असे. एवढे धूड वाहनावर बसविण्यात आले होते. त्यानंतर सिल्व्हेनिया या कंपनीने १९५६ मधील करारानुसार ‘मोबिडिक’ हा ट्रँझिस्टरांवर चालणारा संगणक बनविला व त्यातील पहिला डिसेंबर १९५९ मध्ये लष्कराच्या हवाली केला. तो मालमोटारीच्या जोडगाडीत बसविलेला होता. रणक्षेत्रातील माहिती जागच्या जागी साठवावी, तिची वर्गवारी करावी व ती योग्य ठिकाणी पोहोचवावी, हा त्याचा उद्देश होता. संगणकाला इमारतीतून बाहेर काढण्याची गरज प्रथम युद्धशास्त्राला भासली, असे यावरून म्हणता येते.

दुसरी धारा मालवाहतुकीची आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील मालमोटारींचे व्यावसायिक मॅल्कम मॅक्लीन यांनी २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल-एक्स’ या जहाजावरून ५८ पेट्या न्यूअर्क येथून ह्यूस्टन येथे पाठविल्या. सुटा माल जहाजावर चढविण्यास त्या काळी टनामागे सु. ६ डॉलर खर्च येई. पेट्यांमुळे तो सु. १६ सेंटपर्यंत उतरला. आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेने १९६८ मध्ये कंटेनरांच्या मापांचे मानक प्रसिद्ध केले आणि २० फुटी व ४० फुटी पेट्या जगभर रूढ झाल्या. कोणत्याही बंदरातील यारी, कोणतेही जहाज, रेल्वेचा सपाट डबा व मालमोटार यांना एकच पेटी चालू लागली. विदा केंद्राच्या जनकांना याच गुणाचे आकर्षण वाटले. मात्र मालाच्या कंटेनरातील बचत ही पेटी न उघडता पुन्हापुन्हा हलविण्यातून होते, तर विदा केंद्राची पेटी बहुधा एकदाच हलते आणि नंतर वर्षानुवर्षे एका जागी उभी राहते. दोहोंतील हा फरक पुढे निर्णायक ठरला.

कल्पनेचा उदय : एकविसाव्या शतकाच्या आरंभी आंतरजालावरील सेवा एवढ्या वाढल्या, की सर्व्हरांसाठी जागा मिळविणे हाच मोठा प्रश्न होऊन बसला. मोठी इमारत उभारून तीत वीज व वातानुकूलन बसविण्यास साधारणतः दीड ते दोन वर्षे लागत. सर्व्हर मात्र तीन-चार वर्षांतच जुने होत. म्हणजे ज्या यंत्रांसाठी इमारत उभारायची, त्यांच्या उपयुक्त आयुष्याच्या निम्म्याएवढा काळ बांधकामातच जाई. बांधकाम सुरू करताना मागणीचा जो अंदाज केलेला असे, तोही इमारत पूर्ण होईपर्यंत कालबाह्य होण्याचा संभव असे.

वेबपृष्ठांचा संग्रह जतन करण्यासाठी १९९६ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे स्थापन झालेल्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संस्थेने स्वतःसाठी ‘पेटाबॉक्स’ नावाची साठवण यंत्रणा तयार केली व २००४ मध्ये तिचा पहिला रॅक कार्यान्वित झाला. २० फुटी कंटेनरात ती चालविता यावी, असे तिच्या आराखड्याचे एक उद्दिष्ट होते. गूगल कंपनीने ३० डिसेंबर २००३ रोजी कंटेनरांत बसविलेल्या विदा केंद्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते पेटंट ९ ऑक्टोबर २००७ रोजी मंजूर झाले. कंपनीचे पहिले कंटेनर केंद्र २००५ मध्येच सुरू झाले होते. तथापि ही गोष्ट गुप्त ठेवण्यात आली होती. सार्वजनिक रीत्या ही कल्पना प्रथम सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ऑक्टोबर २००६ मध्ये ‘प्रोजेक्ट ब्लॅकबॉक्स’ या नावाने मांडली. जानेवारी २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टमधील अभियंते जेम्स हॅमिल्टन यांनी एका निबंधात तिला तात्त्विक बैठक दिली. कंटेनर हाच खरेदीचा, उभारणीचा व निकालात काढण्याचा एकक मानावा. त्यातील एखादा सर्व्हर बिघडल्यास त्याला हात न लावता तो तसाच बंद राहू द्यावा. आणि बिघडलेल्यांची संख्या वाढून किंवा काळ उलटून पेटी निरुपयोगी झाली, म्हणजे ती सगळीच उत्पादकाकडे परत पाठवावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. माणसाने केलेली दुरुस्ती हेच पुष्कळदा नव्या बिघाडाचे कारण असते, हा विचार त्यामागे होता.

रचना व कार्य : २० फुटी कंटेनराची बाहेरील लांबी ६·०६ मी., रुंदी २·४४ मी. व नेहमीची उंची २·५९ मी. असते, आतील रुंदी सु. २·३५ मी. भरते. सर्व्हर बसविण्याचा रॅक सु. ०·६ मी. रुंद व १ ते १·२ मी. खोल असतो. पेटीच्या लांबीला समांतर अशी रॅकांची एक ओळ मांडली, तर तिच्या पुढे व मागे जेमतेम माणूस शिरेल एवढीच वाट उरते. सन कंपनीने २० फुटी पेटीत आठ रॅक बसविले. दुरुस्तीच्या वेळी रॅक मधल्या वाटेत ओढून घ्यावा लागे. प्रवासातील हादरे सोसण्यासाठी रॅकांना आघातशोषक जोडलेले असत.

सर्व्हरला मिळालेल्या विजेपैकी जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. गूगलच्या एका कंटेनराची वीजमागणी २५० किलोवॉटपर्यंत असे. म्हणजे प्रत्येकी २ किलोवॉटच्या १२५ खोलीतापकांइतकी उष्णता एका पेटीत निर्माण होई. ती बाहेर काढणे हे केंद्राचे मुख्य यांत्रिक कार्य होय. सामान्य सभागृहात रॅकांतून निघालेली गरम हवा थंड हवेत मिसळते व शीतनाचा बराच भाग वाया जातो. कंटेनरात हवेचा मार्ग आखूड व बंदिस्त असल्यामुळे गरम व थंड हवा वेगळी ठेवणे सोपे जाते. पंखे गरम हवा उष्णता-विनिमयकातून नेतात, तेथे थंड पाण्याच्या नळ्या तिची उष्णता शोषून घेतात व तीच हवा पुन्हा सर्व्हरांपुढे येते. काही प्रकारांत पाण्याऐवजी बाहेरची हवा गाळून थेट आत घेतात.

मात्र थंड पाणी तयार करणारे शीतन संयंत्र, रोहित्र, आणीबाणीचे जनित्र, त्याच्या इंधनाची टाकी व प्रकाशीय तंतूंची जोडणी या गोष्टी बहुधा पेटीबाहेर असतात. त्यांवाचून पेटी चालू शकत नाही. ‘सुवाह्य’ हे विशेषण म्हणूनच मर्यादित अर्थाने घ्यावे लागते.

प्रसार : सन कंपनीची पहिली पेटी २००७ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रेषीय प्रवेगक केंद्राने बसविली. तेथील संगणक इमारतीची वीज व शीतन यांची क्षमता संपुष्टात आली होती. तेव्हा बाहेर काँक्रीटच्या चौथऱ्यावर पेटी ठेवण्यात आली. जानेवारी २००८ मध्ये ही पेटी रीतसर विक्रीस आली. मार्च २००९ मध्ये इंटरनेट अर्काइव्हने आपला संग्रह सनच्या सँता क्लॅरा येथील आवारात ठेवलेल्या अशाच पेटीत हलविला. जगातील वेबपृष्ठांचा एवढा मोठा स्मृतिसंचय एका २० फुटी पोलादी पेटीत मावतो, ही गोष्ट त्या वेळी अनेकांना आश्चर्यकारक वाटली. रॅकेबल सिस्टिम्स, एचपी, आयबीएम इ. कंपन्यांनीही २००७–०९ या काळात आपापल्या पेट्या बाजारात आणल्या. मागणी नोंदविल्यापासून सहा आठवड्यांत पेटी रवाना करता येईल, असा एचपीचा दावा होता.

१ एप्रिल २००९ रोजी गूगलने माउंटन व्ह्यू येथील एका परिषदेत आपले गुपित उघड केले. तिच्या केंद्रात ४५ कंटेनर होते व प्रत्येकात १,१६० पर्यंत सर्व्हर बसविता येत. प्रत्येक सर्व्हरला स्वतःची छोटी विद्युत् घटमाला जोडलेली असल्यामुळे अखंडित वीजपुरवठ्याच्या मोठ्या मध्यवर्ती यंत्रणेची गरज उरली नव्हती. सर्व्हरांकडे जाणारी हवा सु. २७° से. एवढी उबदार ठेवली जाई. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने शिकागोजवळ सु. ६५,००० चौ. मी. क्षेत्रफळाचे केंद्र सुरू केले. त्याच्या तळमजल्यावर मालमोटारींनी आणलेले ४० फुटी कंटेनर ओळीने ठेवण्याची सोय होती व प्रत्येकात १,८०० ते २,५०० सर्व्हर असत. इमारतीला पर्याय म्हणून निघालेली पेटी या दोन्ही ठिकाणी इमारतीच्या छपराखालीच येऊन बसली होती.

जपानमध्ये इंटरनेट इनिशिएटिव्ह जपान या कंपनीने शिमाने प्रांतातील मात्सुए येथे बाहेरच्या हवेने थंड होणाऱ्या कंटेनरांचे केंद्र एप्रिल २०११ मध्ये सुरू केले. त्याआधी एक कायदेशीर प्रश्न उपस्थित झाला होता. जमिनीवर ठेवलेली व सहसा न हलणारी पेटी ही इमारत मानावी की यंत्र? इमारत मानल्यास बांधकामाचे सर्व नियम तिला लागू होतात व उभारणीतील वेग हा तिचा मुख्य फायदाच नाहीसा होतो. जपानच्या भूमी, पायाभूत सुविधा व वाहतूक मंत्रालयाने मार्च २०११ मध्ये असे स्पष्ट केले, की नेहमीच्या कामकाजात ज्यात माणसांचा वावर नसतो, असे कंटेनर विदा केंद्र बांधकाम कायद्याच्या अर्थाने इमारत नव्हे. माणसाचा वावर हा येथे निकष ठरला, हे लक्षणीय आहे.

फायदे : (१) वेग हा कंटेनर केंद्राचा पहिला व निर्विवाद फायदा होय. जागेवर चौथरा, वीज व पाणी यांची तयारी चालू असतानाच कारखान्यात पेटी तयार होत असते. ही दोन कामे एकापाठोपाठ न होता एकाच वेळी होतात.

(२) कारखान्यातील जुळणीमुळे प्रत्येक पेटी सारखी असते. तिची चाचणी पाठविण्यापूर्वीच घेता येते आणि एका पेटीत आढळलेला दोष पुढील पेट्यांत टाळता येतो.

(३) भांडवल टप्प्याटप्प्याने गुंतविता येते. दहा वर्षांच्या अंदाजावर मोठी इमारत उभारण्याऐवजी मागणी वाढेल तशी एकेक पेटी वाढविता येते. हा लाभ लहान विद्यापीठे, रुग्णालये व संशोधनसंस्था यांना विशेष जाणवतो. कारण त्यांच्याकडे बहुधा मोकळी जमीन असते, परंतु नव्या इमारतीसाठी पैसा नसतो.

(४) शीतनाची काटकसर साधते. केंद्राला लागणारी एकूण वीज भागिले प्रत्यक्ष संगणनास लागणारी वीज, या गुणोत्तरावरून केंद्राची कार्यक्षमता मोजण्याचा प्रघात २००७ पासून पडला. हे गुणोत्तर १ च्या जितके जवळ, तितकी नासाडी कमी. त्या काळच्या पुष्कळ केंद्रांत ते २ च्या आसपास असे. गूगलच्या कंटेनर केंद्रात ते सु. १·२५ होते. अमेरिकेतील विदा केंद्रांनी २००६ मध्ये सु. ६१ अब्ज किलोवॉट-तास, म्हणजे त्या देशाच्या एकूण वीजवापराच्या सु. १·५ टक्के वीज वापरली, असे तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २००७ मध्ये नमूद केले होते. हे ध्यानात घेता या बचतीचे महत्त्व कळून येते.

(५) जेथे इमारत बांधणे शक्य नाही किंवा तेवढा वेळ नाही, अशा ठिकाणी म्हणजे लष्करी तळ, खाणी, तेलक्षेत्रे, दूरस्थ प्रयोगशाळा व आपद्ग्रस्त प्रदेश येथे पेटीला फारसा पर्याय नसतो.

तोटे : (१) जागेची अडचण ही कंटेनराच्या मापातच अंतर्भूत आहे. त्याची रुंदी बंदरे व रस्ते यांच्या सोयीने ठरलेली आहे. रॅक आणि तंत्रज्ञ यांचा विचार तीत नव्हता. अरुंद वाटेत, पंख्यांच्या कर्कश आवाजात व गरम हवेच्या झोतात उभे राहून जड सर्व्हर बदलणे कष्टाचे असते. बाहेर पाऊस किंवा धूळ असताना दार उघडले, तर आतील यंत्रांना धोका पोहोचतो. बिघडलेल्या सर्व्हरकडे दुर्लक्ष करावे, हे हॅमिल्टन यांचे तत्त्व हजारो सारखे सर्व्हर बाळगणाऱ्या कंपनीला परवडते. मोजके व निरनिराळ्या कामांचे सर्व्हर असलेल्या संस्थेला ते परवडत नाही.

(२) पेटीतील हवेचे आकारमान अल्प असल्यामुळे शीतन बंद पडल्यास तापमान काही मिनिटांतच धोक्याच्या पातळीवर जाते. मोठ्या सभागृहात दुरुस्तीसाठी जेवढा अवधी मिळतो, तेवढा येथे मिळत नाही. म्हणून पर्यायी शीतन व वीज यांची सोय अधिक काटेकोर ठेवावी लागते.

(३) पातळ पोलादी भिंतींचा उष्णतारोध अत्यल्प असतो. उन्हाने पेटी तापते, थंडीत आतील बाजूस दव धरते व समुद्रकिनारी ती गंजते. बाहेरच्या हवेने शीतन करण्याची पद्धत थंड व कोरड्या प्रदेशांत लाभते. मुंबईसारख्या उष्ण व दमट किनारी शहरात वर्षाच्या बऱ्याच भागात ती अपुरी पडते. भारतातील विदा केंद्रांच्या क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा समुद्रतळावरील संदेशवाहक केबलींमुळे मुंबई व नवी मुंबई या परिसरात एकवटला आहे. तेथे जमीन दुर्मिळ व महाग असल्यामुळे बहुमजली इमारतींनाच प्राधान्य मिळाले.

(४) पेटी जशी आणता येते, तशीच ती नेताही येते. कुंपण, पहारा व आगप्रतिबंध यांची व्यवस्था तिच्याबरोबर येत नाही. ती स्वतंत्रपणे करावी लागते.

(५) प्रत्येक उत्पादकाची अंतर्रचना वेगळी असल्यामुळे ग्राहक त्याच उत्पादकाशी बांधला जातो. बाहेरचे माप जागतिक मानकाचे असले, तरी आतील नळ्या, जोडण्या व नियंत्रणे यांना तसे समान मानक लाभले नाही. सन कंपनी जानेवारी २०१० मध्ये ओरॅकल कंपनीत विलीन झाली. उत्पादक बदलला किंवा त्याने उत्पादन थांबविले, तर अशा पेटीचे सुटे भाग व दुरुस्ती हा ग्राहकापुढील प्रश्न होतो.

स्ट्रासबर्ग येथील अनुभव : तात्पुरती म्हणून उभारलेली सोय कायमची झाल्यास काय होते, याचे उद्बोधक उदाहरण फ्रान्समधील ओव्हीएच या कंपनीच्या स्ट्रासबर्ग येथील केंद्रांत आढळते. २०१२ मध्ये कंपनीने तेथे एसबीजी-१ हे केंद्र मालवाहू कंटेनर वापरून अत्यल्प काळात उभारले. त्या ठिकाणी व्यवसाय कितपत वाढेल याची खात्री नसल्यामुळे हा मार्ग तेव्हा शहाणपणाचा होता. व्यवसाय मात्र वाढला आणि शेजारी आणखी केंद्रे उभी राहिली. ९ नोव्हेंबर २०१७ रोजी बाहेरील वीजपुरवठा खंडित झाला, त्या वेळी जनित्रे सुरू झाली नाहीत व तेथील सेवा काही तास बंद पडल्या. आरंभीच्या माफक अपेक्षांनुसार झालेली वीजव्यवस्थेची आखणी पुढील विस्ताराला पुरेशी नव्हती, असे कंपनीच्या संस्थापकांनी त्यानंतर जाहीरपणे मान्य केले आणि कंटेनरांची दोन्ही केंद्रे, एसबीजी-१ व एसबीजी-४, काढून टाकण्याचा मनोदय व्यक्त केला. १० मार्च २०२१ रोजी शेजारच्या एसबीजी-२ या केंद्रास आग लागून ते संपूर्ण नष्ट झाले, तेव्हा एसबीजी-१ अद्याप चालू होते. त्याच्या बारा कक्षांपैकी चार आगीत सापडले व ते केंद्र नंतर पुन्हा सुरू करण्यात आले नाही. मनुष्यहानी झाली नाही. परंतु ज्या ग्राहकांनी आपल्या विदेची प्रत अन्यत्र ठेवली नव्हती, त्यांच्या नोंदी कायमच्या गेल्या. आग कंटेनरात लागलेली नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही जी पेटी लवकर उभी राहते ती लवकर काढलीही जाईल हे गृहीतक येथे चुकीचे ठरले. तिच्यावर माणसांचे व्यवहार अवलंबून राहू लागले, म्हणजे तिला हलविणे इमारतीइतकेच अवघड होऊन बसते.

उत्तरकाल : २०१० नंतर मोठ्या कंपन्यांनी मालवाहू कंटेनराचे माप हळूहळू सोडून दिले. जहाजाने नेण्याची गरजच नसेल, तर २·४४ मी. रुंदीचे बंधन का पाळावे, हा त्यामागील विचार होता. कारखान्यात बनविलेले परंतु अधिक प्रशस्त कक्ष, वीजवाटपाचे व शीतनाचे वेगळे संच आणि त्यांना सामावणारी साधी छपरे, अशी मांडणी पुढे आली. गरम व थंड हवा वेगळी ठेवणे, सर्व्हरांना अधिक उबदार हवा चालविणे व विजेची नासाडी मोजून ती जाहीर करणे हे कंटेनरात यशस्वी झालेले धडे नेहमीच्या इमारतींनीही आत्मसात केले. वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘ॲश्रे’ या अमेरिकन संस्थेने सर्व्हरांसाठी शिफारस केलेली तापमानाची कमाल मर्यादा २००८ मध्ये २५° से. वरून २७° से. पर्यंत वाढविली. २०२३ मध्ये गूगलच्या सर्व केंद्रांचे वर उल्लेखिलेले गुणोत्तर सरासरीने १·१० होते. म्हणजे पेटीचा काटकसरीतील वेगळेपणा इमारतींनी भरून काढला.

पेटीला हातच लावायचा नाही, या तत्त्वाची कसोटी मायक्रोसॉफ्टने समुद्रात घेतली. २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ सु. ३५ मी. खोलीवर ८६४ सर्व्हर असलेले, नायट्रोजन वायूने भरलेले बंद पोलादी नळकांडे बुडविण्यात आले व २०२० मध्ये ते वर काढण्यात आले. त्यातील सर्व्हर बिघडण्याचे प्रमाण जमिनीवरील तुलनीय सर्व्हरांच्या एक-अष्टमांश होते. ऑक्सिजन, दमटपणा व माणसांची हाताळणी यांचा अभाव, अशी कारणे त्यासाठी सुचविण्यात आली. प्रयोग यशस्वी झाला, तथापि तो व्यवहारात उतरला नाही. हा प्रकल्प थांबल्याचे २०२४ मध्ये कंपनीने सांगितले. ॲमेझॉन कंपनीने २०१६ मध्ये १०० पेटाबाइट विदा मालमोटारीने वाहून नेणारा ४५ फुटी कंटेनर ‘स्नोमोबिल’ या नावाने सादर केला होता. ती सेवाही २०२४ मध्ये बंद झाली.

सुवाह्यतेचा खराखुरा उपयोग झाला तो अनपेक्षित क्षेत्रात. बिटकॉइन या आभासी चलनाच्या निर्मितीसाठी लागणारी संगणक यंत्रे चीनमधील व्यावसायिक पावसाळ्यात स्वस्त जलविद्युत् मिळणाऱ्या सिचुआन प्रांतात व कोरड्या ऋतूत कोळशावरील वीज मिळणाऱ्या उत्तरेकडील प्रदेशांत नेत असत. २०२१ मध्ये चीनने या व्यवसायावर बंदी घातल्यावर यंत्रे कझाकस्तान, अमेरिका इ. देशांत हलली आणि वीज केंद्रांजवळ भिंतींत पंखे बसविलेल्या कंटेनरांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यांच्या अखंड आवाजाबद्दल अमेरिकेतील ग्रामीण रहिवाशांनी तक्रारी केल्या. या व्यवसायात जपण्याजोगी विदा जवळजवळ नसते व यंत्र काही दिवस बंद राहिले तरी ग्राहकाचे नुकसान होत नाही. पेटी सहज हलू शकते ती अशाच कामात, असे दिसून येते.

२०२२ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणनासाठी विजेची मागणी झपाट्याने वाढली व बांधकामातील विलंब पुन्हा अडचणीचा ठरला. त्यामुळे कारखान्यात जुळविलेल्या कक्षांना नव्याने महत्त्व आले. परंतु प्रश्नाचे परिमाण आता बदललेले आहे. २०२४ मध्ये एन्व्हिडिया कंपनीने सादर केलेल्या एका रॅकलाच सु. १२० किलोवॉट वीज लागते. म्हणजे २००५ मधील गूगलच्या संपूर्ण कंटेनराच्या कमाल मागणीच्या जवळजवळ निम्मी. अशा रॅकांना हवेचे शीतन पुरत नाही; द्रव थेट संस्कारकांपर्यंत पोहोचवावा लागतो. पेटी काही आठवड्यांत तयार होऊ शकते, पण तिला लागणारे रोहित्र व विजेची जोडणी मिळण्यास काही ठिकाणी कित्येक वर्षे लागतात.

मूल्यमापन : कंटेनराने विदा केंद्राला भिंतींपासून मोकळे केले, वीज, पाणी व संदेशवहन यांपासून मात्र त्याला मोकळे करता आले नाही. त्यामुळे त्याची उपयुक्तता त्याच्या सुवाह्यतेपेक्षा त्याच्या कारखानी घडणीवर व उभारणीतील वेगावर अधिक अवलंबून राहिली. गरज तातडीची, मर्यादित व खरोखर तात्पुरती असेल, तेथे कंटेनर केंद्र योग्य ठरते. गरज मोठी व दीर्घकालीन असेल, तेथे त्याचा अरुंदपणा व परावलंबित्व वर्षागणिक जाणवू लागतात. ज्या संस्था लोकांच्या जमिनीच्या नोंदी, रुग्णांचा इतिहास किंवा ग्रंथसंग्रह अशा पेटीत ठेवतात, त्यांनी पेटी बसवितानाच ती केव्हा व कशी काढावयाची हे ठरविणे आणि विदेची दुसरी प्रत दूरच्या स्थळी ठेवणे आवश्यक असते. साठविलेल्या नोंदींचे आयुष्य पेटीच्या आयुष्याहून नेहमीच मोठे असावे लागते.